मरुमहोत्सव: दोन रात्री गावात, एक रात्र तंबूत

जैसलमेरच्या मरुमहोत्सवाला जायचं ठरलं की पुष्कळजण आधी समच्या वाळूत तीन रात्रींचा तंबू घेऊन टाकतात. उत्सव वाळवंटाचा, तर राहायचंही वाळूतच, असा साधा हिशेब असतो. तिथे पोचल्यावर तो फसतो, कारण उत्सवाचा मोठा भाग जैसलमेर गावात होतो आणि सम तिथून सुमारे ४० किलोमीटर पश्चिमेला आहे. सकाळची शोभायात्रा गाठायला गारठ्यात निघायचं, दुपारभर गावात कुठेतरी बसून काढायची आणि रात्रीचं गाणं रंगात आलं की जीपवाला घाई करतो म्हणून उठायचं. दिवसाला ८० किलोमीटर नुसती ये-जा. म्हणून पहिल्या दोन रात्री गावात राहावं आणि समारोप बहुधा समच्या वाळूत होतो ती शेवटची, पौर्णिमेची रात्र तेवढी तंबूत काढावी. पुढचं सगळं हे धरूनच लिहिलं आहे.

उत्सवाची तारीख दरवर्षी बदलते, तिथी बदलत नाही. १९७९ पासून हा उत्सव माघ शुद्ध त्रयोदशी ते पौर्णिमा असा भरतो. आपला महिना अमावास्येला संपतो, राजस्थानातला पौर्णिमेला. पण शुद्ध पक्षात महिन्याचं नाव दोन्हीकडे एकच असतं, त्यामुळे भिंतीवरचं मराठी कॅलेंडर बघून दिवस काढता येतात. २०२५ मध्ये माघ पौर्णिमा १२ फेब्रुवारीला होती, २०२६ मध्ये १ फेब्रुवारीला. अलीकडे पोखरण गावातल्या कार्यक्रमांचा एक दिवस आधी जोडला जातो, तो हवा असेल तर द्वादशीला पोचायला हवं. कुठला कार्यक्रम किती वाजता हे राजस्थान पर्यटन विभाग जाहीर करतो, पण त्याची वाट पाहत बसू नये. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. तिथी बघून ते उघडेल त्या दिवशीच तिकीट काढावं.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. वाळवंटातलं ताऱ्यांनी खच्चून भरलेलं आकाश ज्यांच्या मनात आहे त्यांनी या उत्सवाला येऊ नये. पौर्णिमेच्या चांदण्यात वाळूवर स्वतःची सावली स्पष्ट पडते, तारे मात्र मोजकेच दिसतात. त्यांनी अमावास्येच्या आसपास यावं. तेव्हा गर्दीही कमी असते.

मुंबईहून बांद्रा टर्मिनस ते जैसलमेर अशी थेट साप्ताहिक गाडी आहे, पण तिचा वार उत्सवाशी जुळेलच असं नाही. नाही जुळला तर जोधपूर गाठावं. तिथून जैसलमेर रेल्वेने सुमारे ३०० किलोमीटर, म्हणजे साधारण पाच ते सहा तास. हा टप्पा रात्री केला तर डब्यात चांगलीच थंडी वाजते आणि खिडकीच्या फटीतून बारीक रेती आत येते. शाल आणि तोंडावर बांधायला पंचा बॅगेच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावा. दिवसाच्या गाडीत पोखरण आणि रामदेवरा ही स्टेशनं लागतात. हिरवळ विरत जाते आणि खेजडीची एकटी झाडं उरतात, ते बघण्यासारखं असतं. खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमी. तिच्याच कोवळ्या शेंगा वाळवून सांगरी होते आणि केर-सांगरीची भाजी होऊन जैसलमेरच्या ताटात येते.

गावातल्या दिवसांबद्दल थोडक्यात. शोभायात्रा सकाळी गडीसर तलावाकडून निघते आणि शहीद पूनमसिंह स्टेडियमवर पोचते. सजवलेले उंट, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, सीमा सुरक्षा दलाचे उंटस्वार. फोटो काढायचे असतील तर स्टेडियमपेक्षा गडीसरजवळचा रस्ता चांगला: सकाळचं ऊन तिरपं असतं आणि माणसं अजून रांगेत यायची असतात, त्यामुळे चेहरे मोकळे मिळतात. स्टेडियमवर मरुश्री ही पुरुषांची आणि मिस मूमल ही मुलींची निवड, मिशांची स्पर्धा, साफा म्हणजे फेटा बांधण्याची स्पर्धा होते. दुसऱ्या दिवशी डेडानसर मैदानावर उंटांची सजावट, उंटांवरचा पोलो, सीमा सुरक्षा दलाचा कॅमल टॅटू, म्हणजे उंटांवरच्या कवायती. या दिवशी टोपी हवीच. मैदानावर सावली नसते आणि हवा गार असल्यामुळे ऊन लागतंय हे कळत नाही. संध्याकाळी कपाळ आणि नाक सोलवटून निघतं.

आता तंबू.

पहिला प्रश्न जागेचा. समच्या नावाने विकले जाणारे अनेक कॅम्प प्रत्यक्षात दामोदरा, कनोई, सलखा या अलीकडच्या गावांच्या हद्दीत आहेत. ते वाईट असतात असं नाही, पण पौर्णिमेच्या रात्री चालत टेकड्यांवर जायचं असेल तर फरक पडतो. म्हणून आरक्षणाआधी ‘सम गावापासून किती किलोमीटर अलीकडे’ असं थेट विचारावं आणि नकाशावर कॅम्पचं ठिकाण मागवून घ्यावं. शांतता हवी असेल तर नैऋत्येला ४५ किलोमीटरवरचं खुडी बघावं. तिथे मातीच्या भिंतींच्या, गवताने शाकारलेल्या झोपड्याही मिळतात आणि त्या तंबूपेक्षा उबदार असतात. मात्र उत्सवाचा समारोप समला असेल तर खुडीहून तिथे जाणं लांब पडतं.

दुसरा प्रश्न ‘साधा तंबू’ म्हणजे नेमकं काय. लोखंडी सांगाडा, बाहेरून जाड कॅनव्हास, आतून छापील सुती अस्तर, खाली सतरंजी, दोन खाटा, कापसाच्या गाद्या, माणशी एक रजई, एक दिवा, एक प्लग. संडास-न्हाणीघर सामाईक आणि रांगेच्या टोकाला. ‘स्विस टेंट’ म्हटलं की मागे जोडलेलं न्हाणीघर धरायचं. भाव सांगताना कॅम्पवाले बहुधा पॅकेज सांगतात, म्हणून त्यात जैसलमेरहून नेणं-आणणं, उंटाची फेरी, रात्रीचं जेवण, गाणं-नाच आणि सकाळचा नाश्ता यातलं काय आहे हे एकेक करून विचारावं, कर धरून आहे की वेगळा तेही. उत्तर लेखी मेसेजमध्ये घ्यावं. पौर्णिमेच्या दिवशी तोंडी ठरलेल्या गोष्टी कुणाच्या लक्षात राहत नाहीत; माणसं शंभर आणि मदतनीस चार अशी स्थिती असते.

‘तंबू थेट वाळूच्या टेकडीवर’ अशी जाहिरात दिसली तर भुलू नये. सैल वाळूत लोखंडी खुंटी धरत नाही. वाऱ्याचा एक झोत आला की ती मुळासकट वर येते. म्हणून जाणते कॅम्पवाले टेकड्यांच्या मागे, कठीण मुरमाड जमिनीवर तंबू ठोकतात. वाळूतच उभारायचा असेल तर दोराचं टोक वाळूने भरलेल्या गोणीला बांधून ती गोणी हातभर खोल पुरतात. वरच्या वाळूचं वजन दोर धरून ठेवतं.

तंबूत सामान टाकल्यावर आधी बाहेरून एक चक्कर मारावी. प्रत्येक दोर हाताने ओढून बघावा. जो सैल आहे तिथलं कापड रात्रभर वाऱ्यात फडफडणार आणि झोप लागू देणार नाही. अंधार पडायच्या आत मदतनिसाकडून तो ताणून घ्यावा. रात्री दहानंतर कुणी सापडत नाही. मग कॅनव्हासची खालची झालर बघावी. ती जमिनीपासून वर राहिली असेल तर तिथून थंड हवा आणि रेती दोन्ही आत येतात. पायाने वाळू ढकलून झालरीवर बोटभर थर चढवला तरी रात्रीचा गारठा निम्मा होतो. दार वाऱ्याच्या तोंडाला असेल तर तंबू बदलून मागावा. दुपारी पोचलेल्याला बदलून मिळतो, संध्याकाळी सातला पोचलेल्याला मिळत नाही.

थंडीला लोक कमी लेखतात. दिवसा २५ अंशांच्या आसपास छान ऊन असतं, म्हणून स्वेटर एकच घेतलेला असतो. पण हवेत दमटपणा नाही, आकाशात ढग नाहीत आणि कोरडी वाळू उष्णता धरून ठेवत नाही. सूर्य बुडाला की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते आणि पहाटे पारा ८-१० अंशांवर येतो. थंडीची लाट असेल तर ४-५ वर. त्यात इथे सूर्योदय उशिरा. जैसलमेर मुंबईच्याही पश्चिमेला आणि बरंच उत्तरेला आहे, त्यामुळे फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूर्य उगवायला साडेसात होतात. सहाला जाग आलेल्या माणसाला पुढचा दीड तास सगळ्यात थंड जातो.

अंथरूण असं करावं. खाट निवारीची किंवा पट्ट्यांची असेल तर थंडी वरून येते त्याहून जास्त खालून येते, कारण अंगाखाली दबलेला कापूस ऊब धरत नाही. म्हणून दोन रजया मिळाल्या तर एक अंगाखाली घ्यावी. घरून पातळ चादर न्यावी आणि ती रजईच्या आतून लावावी. ऊब वाढते आणि कॅम्पची रजई कितीजणांनी पांघरली आहे हा विचारही सुटतो. झोपताना दिवसभराचे कपडे अंगावर ठेवू नयेत, त्यात घाम मुरलेला असतो. कोरडे सुती कपडे, त्यावर लोकरी, कानटोपी आणि कोरडे मोजे. शेकण्याच्या रबरी पिशवीत किंवा स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घालावी आणि झोपायच्या पंधरा मिनिटं आधी पायाशी सारून ठेवावी. स्वयंपाकघरात रात्री साडेनवापर्यंत चूल पेटलेली असते, तेव्हाच पाणी मागून घ्यावं.

तंबूची वरची जाळीची खिडकी चार बोटं उघडी राहू द्यावी. पूर्ण बंद केली तर श्वासातली वाफ कॅनव्हासला लागून गार होते आणि पहाटे अस्तर ओलं लागतं. आणि कितीही थंडी असो, निखाऱ्यांची सिगडी तंबूत घ्यायची नाही. मदतनीस प्रेमाने आणून देतो, पण बंद जागेत निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. शेकोटीपाशी बसावं, अंग शेकून घ्यावं आणि निखारे बाहेरच ठेवून झोपायला जावं.

पाऊस इथे दुर्मीळ, पण या दिवसांत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी पावसाळी हवा, आला की ढग, क्वचित शिडकावा आणि त्यानंतर दोन दिवस कडक थंडी असा क्रम असतो. निघण्याच्या दोन दिवस आधी हवामान खात्याचा जैसलमेरचा अंदाज बघावा. कॅनव्हास भिजला असेल तेव्हा आतून त्याला हात किंवा बॅग लावू नये. जिथे टेकतं तिथूनच पाणी पाझरायला लागतं.

जमिनीखालचं पाणी इथे बरंचसं खारं आहे. साबणाला फेस येत नाही, केस चिकट राहतात. ते पिऊ नये, त्याने दातही घासू नयेत. पिण्यासाठी माणशी दिवसाला तीन लिटर धरून जैसलमेरहूनच कॅन घ्यावा; वीस-वीस छोट्या बाटल्या नेल्या तर त्या मागे वाळूत राहतात. गरम पाणी बंबावर किंवा चुलीवर तापवून बादलीने देतात, सकाळी सात ते नऊ या वेळात सगळ्यांना एकदमच हवं असतं आणि शेवटच्याला कोमट मिळतं. एका रात्रीसाठी अंघोळीचा हट्ट सोडावा, ओल्या पंचाने अंग पुसावं आणि जैसलमेरला परतून नहावं. ओले टिश्यू संडासात टाकू नयेत. मैला साध्या शोषखड्ड्यात जातो. एक खड्डा तुंबला की पूर्ण रांगेची पंचाईत होते.

वीज अनेक ठिकाणी जनरेटरची, आणि तो रात्री दहा-अकराला बंद होतो. त्याआधी फोन चार्ज करावा आणि रात्री रजईत घ्यावा, थंडीत बॅटरी लवकर उतरते. डोक्याला बांधायची विजेरी हातातल्या विजेरीपेक्षा उपयोगी. संडासाकडे जाताना दोन्ही हात मोकळे लागतात, आणि तंबूंचे दोर अंधारात नडगीला बसतात.

रेतीचं एक वेगळंच शास्त्र आहे. ती पिठासारखी बारीक असते. कॅमेऱ्याची लेन्स टेकडीवर बदलू नये. काचेवर रेती बसली तर पुसू नये, आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने झटकावी, नाहीतर चरे पडतात. बॅगेची चेन अडकायला लागली की तिच्यावर मेणबत्ती घासावी. तेल लावलं तर रेती आणखी चिकटते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी चष्मा घालावा. ओठांना आणि नाकपुड्यांना आतून थोडं व्हॅसलीन लावलं की कोरड्या हवेत नाकातून रक्त येत नाही.

आणि भुरट. हे नाव कुठल्याही जाहिरातीत नसतं. वाळूत उगवणाऱ्या गवताची ही काटेरी बोंडं आपल्या कुसळांपेक्षा टणक असतात आणि लोकर दिसली की सोडत नाहीत. लोकरी मोजे किंवा जमिनीवर पसरलेली शाल म्हणजे त्यांना आमंत्रणच. बोटाने काढायला गेलं तर काटे बोटात मोडतात. बारीक दातांच्या फणीने काढावीत. टेकडीवर बसायला शालीऐवजी प्लास्टिकची चटई न्यावी, बूट घोट्यापर्यंतचे घालावेत आणि सकाळी पायात चढवण्याआधी उलटे करून झटकावेत. हिवाळ्यात विंचू-फुरसं क्वचितच बाहेर असतात, तरी झटकावेतच.

उंटावर बसताना एकच गोष्ट लक्षात ठेवायची: मागे रेलायचं. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, बसताना आधी पुढचे गुडघे मोडतो. दोन्ही वेळा माणूस पुढे फेकला जातो. पलाणाची पुढची मूठ दोन्ही हातांनी धरावी आणि उंट पूर्ण उभा राहीपर्यंत सोडू नये. दोघांच्या पलाणावर मागच्या माणसाला हिसके जास्त बसतात, म्हणून पाठीचं दुखणं असलेल्याने पुढे बसावं. पुष्कळदा रिकिबी नसतात. पाय लोंबकळून मांड्या सोलवटतात. जाड शिवणीची जीन्स नको, सैल सुती विजार बरी. अर्धा तास पुरे. बसण्याआधी उंटाकडे नीट बघावं. नाकातल्या नकेलीपाशी, म्हणजे वेसणीपाशी, जखम असेल, पलाणाखालून रक्त किंवा माशा दिसत असतील तर दुसरा उंट मागावा. उंट २०१४ पासून राजस्थानचा राज्यपशू आहे, पण पौर्णिमेच्या दिवशी त्याच्या वाट्याला विश्रांती येत नाही. आपण नको म्हटलं तर एका तरी जनावराला ती मिळते.

समच्या आसपासचा मोठा टापू डेझर्ट नॅशनल पार्कचा आहे, ३,१६२ चौरस किलोमीटरचा. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावरून जवळजवळ दिसेनासा झालेला माळढोक पक्षी आज मुख्यतः या जैसलमेरच्या टापूत टिकून आहे आणि त्याचं एक पैदास केंद्रही समला आहे. त्याच्या अंगणात रात्री बारापर्यंत डीजे लावणारे कॅम्प आहेत. आरक्षण करताना ‘डीजे आहे का’ हे विचारावं आणि असेल तर दुसरीकडे जावं. ग्राहकाने हा एक प्रश्न विचारत राहणं हे फार मोठं काम आहे.

शिवाय डीजे असला की मांगणियार ऐकू येत नाहीत. मुसलमान असूनही राजपूत यजमानांच्या लग्ना-बारशात पिढ्यान्‌पिढ्या गाणारी ही माणसं. त्यांचा कमायचा हे एकाच लाकडातून कोरलेलं, बकऱ्याचं कातडं मढवलेलं, गजाने वाजवायचं वाद्य. त्याचा खर्जातला आवाज स्पीकरमधून आला की पार बिघडतो. दुपारीच कॅम्पच्या व्यवस्थापकाला सांगावं की जेवणानंतर अर्धा तास माइकशिवाय ऐकायचं आहे. बहुतेकजण आनंदाने तयार होतात. बक्षिशी थेट गाणाऱ्याच्या हातात द्यावी. त्यासाठी पन्नास-शंभरच्या सुट्या नोटा जैसलमेरहूनच आणाव्यात; पौर्णिमेच्या रात्री मोबाइलचं जाळं कोलमडतं आणि ऑनलाइन पैसे जात नाहीत.

त्या दिवशी समला दुपारी तीनच्या आत पोचावं. रस्ता एकच, आणि चारनंतर गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात. ज्या गाडीने जाणार तिच्याशीच दुसऱ्या दिवशी परत न्यायचं भाडंही ठरवून ठेवावं. भाड्याच्या मोटरसायकलने अंधारात येऊ नये, डांबरावर वाळूचे पट्टे आलेले असतात आणि बिनदिव्याचे उंट, बकऱ्या अचानक समोर येतात.

तंबूचं सगळं लावून झालं की सहाच्या सुमारास गर्दीची मुख्य टेकडी सोडून बाजूची गाठावी, वीस मिनिटं पायी. वाऱ्याच्या बाजूचा उतार घट्ट असतो, त्यावरून चढावं. आडोशाच्या सैल उतारावर प्रत्येक पाऊल निम्मं मागे येतं. माथ्यावर बसलं की साडेसहाच्या आसपास एका हाताला सूर्य बुडत असतो आणि दुसऱ्या हाताला पूर्ण चंद्र वर येत असतो. काही मिनिटं वाळूच्या एका उतारावर तांबूस उजेड असतो आणि दुसऱ्यावर निळसर. उतरताना कॅम्पची दिशा दिव्यांवरून ठरवू नये, सगळ्या कॅम्पचे दिवे सारखेच दिसतात. चढण्याआधी फोनवर तंबूचं ठिकाण नोंदवून ठेवावं.

सकाळी निघताना रजई, चादर, बूट सगळं तंबूबाहेर झटकावं आणि बॅग उलटी करून रिकामी करावी. जैसलमेर स्टेशनला निदान दोन तास हाताशी ठेवून निघावं. पौर्णिमेच्या दुसऱ्या सकाळी समचा रस्ता आदल्या संध्याकाळइतकाच भरलेला असतो, फक्त तोंडं उलट्या दिशेला असतात.